बापाचा आवाज कोणत्या डब्यात ठेवावा?



गेल्या पावसाळ्यात विक्रोळीच्या एका घरातून निरोप आला, "काका, एकदा येऊन जा. बाबांच्या गाण्यांचे काही खरे दिसत नाही." निरोप त्या घरच्या मुलीचा होता. तिचे वडील कारखान्यात फिटर होते आणि रात्री गायन पार्टीत गात. आवाज असा की मैदानात माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतली माणसे उठून जात नसत. २०१६ साली बापलेकांनी मिळून घरातच नऊ गाणी ध्वनिमुद्रित केली. मुलगा रिक्षा चालवतो आणि ढोलकी वाजवतो. मुलगी तेव्हा कॉलेजात होती, तिने संगणक सांभाळला. जुना संगणक, एक माईक, खिडकीला गोधडी लावलेली आणि शेजाऱ्यांना "तासभर कुकर लावू नका" अशी विनंती. २०२१ मध्ये वडील गेले.

आता मुलांच्या मनात आले की येत्या जयंतीला तीच गाणी नव्याने बाहेर काढावीत. ढोलकी जरा खाली घ्यावी, बाबांचा आवाज वर आणावा आणि कोरसमध्ये नातवंडांना उभे करावे. परंतु ज्या प्रोग्राममध्ये गाणी केली होती तो काढणाऱ्या कंपनीने केव्हाच बंद केला होता. नवा लॅपटॉप घेतला, तर त्यावर तो चढेना. जुना संगणक तिसऱ्या-चौथ्या दाबाला सुरू होई आणि मध्येच मान टाकी. प्रोग्रामचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण आज एकाचे दुकान बंद झाले आहे, उद्या दुसऱ्याचे होईल. मुद्दा दुकानाचा नाही, मालाचा आहे.

मी काही ध्वनिमुद्रक नाही. पण त्या मुलीने तीन रविवार खपून जे काम केले ते शेजारी बसून पाहिले. आपल्या वस्त्यांतून आज कितीतरी मुले घरच्या संगणकावर गाणी करीत आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे सविस्तर लिहितो.

प्रोजेक्ट म्हणजे गाणे नव्हे

पहिली गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपण मोबाईलवर ऐकतो ती एमपीथ्री म्हणजे शिजलेली भाजी. मीठ जास्त झाले तर काढता येत नाही. प्रोजेक्ट म्हणजे मीठ, तिखट, कांदा वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेले स्वयंपाकघर. तिथे गायकाचा आवाज वेगळ्या पट्ट्यावर असतो, ढोलकी वेगळ्या, पेटी वेगळ्या, कोरस वेगळा. या पट्ट्याला ट्रॅक म्हणतात. पुन्हा नव्याने रांधायचे असेल तर हे डबे हवेत.

पण इथेच बरीच मुले फसतात. जी प्रोजेक्ट फाईल आपण 'गाणे' म्हणून जपून ठेवतो तिच्यात बहुतेक प्रोग्राममध्ये आवाज नसतोच. ती फक्त पाककृतीची चिठ्ठी असते. अमुक आवाज अमुक सेकंदाला सुरू करा, एवढा मोठा ठेवा, त्यावर एवढा घुमारा द्या, असे तिच्यात लिहिलेले असते. खरा आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये वेगळ्या फाईलींत असतो. या मुलाने एका गाण्याची प्रोजेक्ट फाईल पेनड्राईव्हवर घेतली होती आणि जागा हवी म्हणून संगणकावरचे मोठे फोल्डर पुसले होते. चिठ्ठी राहिली, डबे गेले. नऊपैकी ते एक गाणे आता फक्त एमपीथ्रीच्या रूपात आहे. फाईल काही शे केबींची होती. पाच मिनिटांच्या गाण्याचे सगळे ट्रॅक एवढ्याशा जागेत बसणार नाहीत, एवढा हिशेब तेव्हा कोणी केला नाही.

कॅसेटच्या काळात असे नव्हते. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये जी कॅसेट आणली तिची मापे सर्वांनी स्वीकारली. त्यामुळे एका कंपनीच्या टेपवर भरलेली कॅसेट दुसऱ्या कंपनीच्या टेपवर वाजे. कंपनी बुडाली तरी कॅसेट बुडत नसे. संगणकावरच्या प्रोजेक्टचे तसे नाही. एका शिंप्याने मापे आपल्याच खुणांनी वहीत लिहावीत आणि तो गावी निघून गेल्यावर ती वही दुसऱ्या शिंप्याला वाचता येऊ नये, तशी ही गत आहे.

मोठी दुकानेही बंद होतात

एवढी मोठी परदेशी कंपनी, ती कशी बंद पडेल, असे कोणाला वाटेल. तर थोडा इतिहास पाहू.

अमेरिकेत ग्रेग हेंडरशॉट यांनी १९८७ मध्ये केकवॉक नावाचा प्रोग्राम आणला. २००१ मध्ये त्याच घराण्यातला 'सोनार' आला आणि जगभरच्या घरगुती स्टुडिओंत पोहोचला. कंपनी पुढे जपानच्या रोलंडकडे गेली आणि २०१३ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सनकडे. २०१६ मध्ये सोनारच्या सर्वांत मोठ्या आवृत्तीच्या ग्राहकांना 'आयुष्यभर मोफत सुधारणा' देण्याची योजना जाहीर झाली. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने केकवॉकच्या मालाचे कामच थांबवल्याचे जाहीर केले. आयुष्य कोणाचे, ग्राहकाचे की मालाचे, हे त्या योजनेत कोणी विचारले नव्हते! फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅब कंपनीने तो प्रोग्राम विकत घेतला आणि त्याच वर्षी मोफत दिला. ज्यांनी आपले प्रोजेक्ट पुसले नव्हते त्यांना पुन्हा दार उघडले. पण २०२३ मध्ये त्याच कंपनीने नव्या सोनारची घोषणा केली आणि मोफत प्रोग्राम थांबवण्याचा मार्ग धरला. जुने सोनार प्रोजेक्ट नव्या सोनारमध्ये उघडतात, हे त्यातले सुदैव.

ही एकच गोष्ट नाही. १९९८ मध्ये गिब्सननेच ऑपकोड ही नावाजलेली कंपनी घेतली आणि वर्षभरातच तिच्या प्रोग्रामचे काम थांबले. २००२ मध्ये अॅपलने 'लॉजिक' बनवणारी जर्मन कंपनी घेतली आणि त्याच वर्षी लॉजिकची विंडोजवर चालणारी आवृत्ती बंद केली. ज्यांच्याकडे विंडोजचा संगणक होता त्यांनी एक तर संगणक बदलावा, नाही तर प्रोग्राम. ऑगस्ट २०२४ मध्ये स्वरलेखनाचा 'फिनाले' हा प्रोग्राम सुमारे पस्तीस वर्षांनंतर बंद झाला. यांतले एकही दुकान लहान नव्हते.

आणखी एक खाचखळगा सांगतो. आजकालचे कित्येक प्रोग्राम मधूनमधून इंटरनेटवरून कंपनीची परवानगी मागतात. कंपनीने ती खिडकी बंद केली की संगणकात बसलेला, चांगला चालणारा प्रोग्रामही हटून बसतो. म्हणून 'माझ्याकडे चालतो आहे ना, मग काय घाई' असे म्हणू नये. चालतो आहे तोवरच घाई करायची असते. चोरीचा, म्हणजे क्रॅक केलेला प्रोग्राम वापरणाऱ्याला तर कोणापुढे तक्रार करायलाही जागा नसते, आणि त्याबरोबर व्हायरस घरात येतो तो वेगळा.

काम कसे केले

आता त्या मुलीने काय केले ते क्रमाने सांगतो.

पहिल्या रविवारी तिने काहीच उघडले नाही. जुन्या संगणकातले सगळे फोल्डर जसेच्या तसे बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवले आणि त्याची दुसरी प्रत काढून मामाच्या घरी ठेवली. एकाच घरात दोन प्रती म्हणजे आग लागली किंवा पाणी शिरले तर दोन्ही गेल्या. विक्रोळीत राहणाऱ्याला पाणी शिरणे म्हणजे काय ते सांगायला नको. काही प्रोग्राममध्ये 'न वापरलेल्या आवाजाच्या फाईली पुसा' अशी सोय असते. तिला हात लावायचा नाही असे तिने भावाला बजावले. ते किती बरोबर होते, हे शेवटी कळेल.

दुसऱ्या रविवारी जुना प्रोग्राम सुरू केला आणि शाळेची दोनशेपानी वही घेतली. प्रत्येक गाण्याला एक पान. लय किती, म्हणजे मिनिटाला किती ठोके. पट्टी कोणती. ध्वनिमुद्रण सेकंदाला किती नमुन्यांनी झाले आहे, ४४,१०० की ४८,०००. ट्रॅक किती आणि कोणत्या ट्रॅकवर काय आहे. 'ऑडिओ १७' अशी नावे होती ती बदलून 'बाबा मुखडा', 'ढोलकी', 'कोरस डावा' अशी दिली. शेवटी मिक्सरच्या पडद्याचा मोबाईलने फोटो काढला.

मग प्रत्येक ट्रॅक वेगळा करून वेव्ह फाईलच्या रूपात बाहेर काढला. वेव्ह हा प्रकार मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये आणला आणि आज ध्वनिमुद्रणाचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तो वाचतो. कॅसेटसारखी ही सर्वांची समाईक भाषा आहे. यात एक नियम कडकपणे पाळायचा. कोरस गाण्यात दोन मिनिटांनी येत असला तरी त्याची फाईल गाण्याच्या शून्य सेकंदापासूनच काढायची. सुरुवातीची दोन मिनिटे शांतता राहू द्यावी. असे केले की नव्या प्रोग्राममध्ये सगळ्या फाईली एकाच रेषेवर लावल्या की आपोआप जुळतात. नाही तर ढोलकी एकीकडे आणि गायक दुसरीकडे.

प्रत्येक ट्रॅक तिने दोनदा काढला. एकदा कोरडा, म्हणजे कोणताही घुमारा न लावलेला, आणि एकदा सजवलेला. कारण घुमारा देणारे, आवाज गोड करणारे जे छोटे प्रोग्राम असतात, ज्यांना प्लगइन म्हणतात, ते नव्या ठिकाणी मिळतीलच असे नाही. कोरड्यावर नवी सजावट करता येते आणि जुनी कशी होती हे सजवलेल्यावरून कळते.

एका गाण्यात व्हायोलिनचे सूर कीबोर्डवरून वाजवले होते. हे सूर आवाज म्हणून साठवलेले नसतात. कोणती पट्टी केव्हा आणि किती जोरात दाबली, एवढेच मिडी नावाच्या भाषेत लिहिलेले असते. मिडी ही भाषा १९८३ पासून सर्व कंपन्यांनी मान्य केलेली आहे, त्यामुळे मिडी फाईल कुठेही उघडते. पण व्हायोलिनचा आवाज देणारे प्लगइन नसेल तर ती मुकी राहते. म्हणून मिडी फाईलही काढावी आणि तेच सूर वाजवून त्याची वेव्ह फाईलही काढावी. मिडी फाईलमधून गाण्याची लयही बरोबर जाते, हा आणखी एक फायदा.

किती जागा लागते, असे वाचक विचारतील. हिशेब सोपा आहे. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा म्हणजे ३ बाइटचा. एका मिनिटाला एका ट्रॅकचे सुमारे साडेआठ एमबी होतात. पाच मिनिटांच्या गाण्याचा एक ट्रॅक ४३ एमबी. बारा ट्रॅकचे एक गाणे सव्वापाचशे एमबीच्या आत. कोरडे आणि सजवलेले धरून एक जीबीच्या थोडे वर. ट्रॅक स्टिरिओ असेल तर दुप्पट. म्हणजे आठ-नऊ गाण्यांचा सगळा संसार ३२ जीबीत मावतो. मात्र पेनड्राईव्ह ही ने-आण करण्याची पिशवी आहे, तिजोरी नव्हे. तिच्यावरच विसंबून राहू नये.

"हे तुझे वडील नाहीत"

तिसऱ्या रविवारी नव्या लॅपटॉपवर नवा प्रोग्राम उघडला, फाईली रांगेत लावल्या आणि गाणे सुरू केले. वहिनी भाकऱ्या टाकत होत्या. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "बंद कर. हे तुझे वडील नाहीत."

खरोखरच आवाज जड, ओढल्यासारखा येत होता. मुलाने पेटी पुढे घेतली. मूळ गाणे काळी चारमध्ये होते. आता ते काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मध्ये कुठेतरी लटकत होते, कोणत्याच पट्टीत बसेना. मुलीने वही उघडली आणि चूक सापडली. ध्वनिमुद्रण ४८,००० चे होते आणि नव्या प्रोग्राममध्ये प्रोजेक्ट ४४,१०० चा मांडला होता. फाईल घेताना रूपांतर करायचे का, असे प्रोग्रामने विचारले होते आणि घाईत 'नाही' दाबले गेले होते. त्यामुळे सेकंदाला जेवढे नमुने वाजायला हवेत त्यापेक्षा कमी वाजत होते. पाच मिनिटांचे गाणे जवळजवळ साडेपाच मिनिटांचे झाले आणि सूर सुमारे दीड पट्टी खाली आला. आकडा दुरुस्त केला आणि गाणे पुन्हा लावले. या वेळी वहिनी काही बोलल्या नाहीत. तव्यावरची भाकरी मात्र करपली.

म्हणून सांगतो, नव्या ठिकाणी गेल्यावर आधी आकडे जुळवा, मग फाईली आणा. गाण्याचा पहिला ठोका ऐका, मधला ऐका आणि शेवटचा ऐका. शेवटच्या ठोक्यालाही ढोलकी आणि टाळी एकत्र पडली म्हणजे सामान नीट पोहोचले. आणि ज्याला तो आवाज घरात ओळखीचा आहे त्या माणसाला ऐकवा. यंत्राला आकडे कळतात, आईला आवाज कळतो.

कोणता प्रोग्राम घ्यावा, हा पुढचा प्रश्न. माझे मत एवढेच की ज्याचा प्रोजेक्ट दुसऱ्याला वाचता येईल तो बरा. रीपर नावाचा प्रोग्राम आहे. त्याची फाईल साध्या अक्षरांत लिहिलेली असते आणि नोटपॅडमध्येही वाचता येते. त्याची घरगुती परवान्याची किंमत ६० डॉलर आहे आणि आधी ६० दिवस वापरून पाहता येतो. आर्डर हा मुक्त प्रोग्राम आहे, म्हणजे त्याचा मूळ आराखडाच सर्वांना खुला आहे. नुसते आवाज कापणे-जोडणे असेल तर ऑडॅसिटी मोफत मिळतो. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या दोन कंपन्यांनी 'डॉप्रोजेक्ट' नावाचा समाईक प्रकार आणला आहे. एका प्रोग्राममधले काम दुसऱ्यात नेता यावे हाच त्याचा हेतू. ही चांगली सुरुवात आहे. पण सगळ्यांनी ती स्वीकारेपर्यंत वेव्ह, मिडी आणि शाळेची वही, हेच आपले खरे कागदपत्र.

नऊपैकी आठ गाणी अशी नव्या घरी आली. काम संपल्यावर ती मुलगी मूळ फोल्डर चाळत बसली होती. गाण्यात न वापरलेल्या, कापून टाकलेल्या कितीतरी फाईली तिथे पडून होत्या. एक उघडली. त्यात गाणे नव्हते. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग वडील म्हणतात, "थांब रे जरा, घसा सुकला. बाळे, पाणी आण." मग पावलांचा आवाज, भांड्याचा आवाज आणि "हं, आता घे."

तेवढीच बारा-तेरा सेकंदे. 'न वापरलेले पुसा' यावर एकदा बोट पडले असते तर हे गेले असते. जयंतीला आठ गाणी वाजतील तेव्हा वस्ती ऐकेलच. पण वहिनींनी मोबाईलवर मागून घेतली ती ही फाईल.

तेव्हा घरात कोणी गाणारे, वाजवणारे, सांगणारे असेल आणि त्यांचे काही संगणकात ठेवले असेल, तर हा अंक खाली ठेवल्यावर एवढे करा. ते फोल्डर कुठे आहे ते पाहा. त्यात फक्त चिठ्ठी आहे की आवाजही आहे, ते तपासा. प्रोग्राम चालतो आहे तोवर ट्रॅक बाहेर काढा. एक प्रत मामाच्या, आत्याच्या, मावशीच्या घरी ठेवा. आणि मुलीच्या हाती वही द्या.

जयभीम.